सत्ताविसाव्या ओळीतला खोटा ‘ह’

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. इयत्ता सातवी, तुकडी ब. आज मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. माझं खाकी कव्हर कडेनं कुरतडलेलं आहे, पाठीची शिवण उसवली आहे आणि अंगाला बंद कपाटाचा कुबट वास येतो. पण एके काळी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! घंटा झाली की आधी मी टेबलावर यायचो, मग दिवस सुरू व्हायचा.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. तिथं माझ्या पानांवर निळ्या रेघा ओढल्या गेल्या आणि समासात एक ते साठ आकडे छापले गेले. बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्यानं मला जाड दोऱ्यानं शिवलं, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि म्हणाला, “वर्षभर काही होत नाही याला.” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, हे वर्ष किती लांबणार आहे ते!

शाळेत आलो आणि मला थोडा गर्व चढला, खोटं कशाला बोलू. माझ्यात लिहिलेलं ते खरं, असा तिथला कायदा होता. एखाद्या मुलानं घरी शंभर शपथा घेतल्या की मी शाळेत होतो, आणि माझ्या चौकटीत ‘गै’ असेल, तर त्याची आईसुद्धा माझ्यावरच विश्वास ठेवायची. पहिल्या तासाला गैरहजर मुलांची चिठ्ठी ऑफिसात जायची. मग शिपाईमामा आधी शाळेचा कानाकोपरा पाहायचे आणि तरी मूल सापडलं नाही, तर सायकल काढून थेट त्याच्या घरी जायचे. हे सगळं माझ्या एका अक्षरावर चालायचं. मला रोज ऑफिसात पोचवण्याचं काम वर्गाच्या मॉनिटरकडे होतं. ती अठ्ठावीस नंबरची मुलगी. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा एक गुळगुळीत डाग होता, तो मला पाठीवर नेमका जाणवायचा.

तिच्या शेजारी सत्तावीस नंबर बसायची. वर्गानं तिचं नाव ठेवलं होतं ‘वाळवी’, कारण कागद दिसला की ती त्याला लागलीच म्हणून समजा. पुड्यांचे कागदसुद्धा उलगडून वाचायची. जिन्याखाली शाळेची पुस्तकांची खोली होती. घंटेआधी वाळवी तिथं शिरायची, पहिला तासभर वाचत बसायची आणि दुसऱ्या तासाला मागच्या दारानं हळूच वर्गात यायची.

तुम्ही विचाराल, मग हजेरीचं काय? अहो, मैत्रीण कशासाठी असते! आमच्या वर्गबाईंची मान हजेरी घेताना कधी वर व्हायची नाही. बेचाळीस नंबर दोन मिनिटांत उरकायच्या. त्या “सत्तावीस” म्हणाल्या की अठ्ठावीस नंबर वाळवीच्या किंचित नाकातल्या आवाजात म्हणायची, “हजर.” आणि लगेच स्वतःच्या आवाजात, “हजर बाई.” सगळा वर्ग ओठ दाबून हसायचा. मलाही गंमत वाटायची. चौकटीत ‘ह’ पडायचा, बाई खूश, वाळवी खूश, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एका गुरुवारी बिघडलं.

त्या दिवशीही माझ्यात ‘ह’ पडला. दुसरा तास झाला, वाळवी आली नाही. तिसरा झाला. अठ्ठावीस नंबरला वाटलं, गोष्ट रंगली असेल. मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली गेली, बंद दाराला तोंड लावून तिनं दोनदा हळूच हाक मारली. उत्तर आलं नाही. मोठ्यानं हाक मारावी तर हजेरीची चोरी पकडली जाईल, म्हणून ती तशीच परत आली. दिवसभर गप्प बसली. संध्याकाळी शिपाईमामा कुलूप लावायला गेले, तेव्हा त्यांना आतलं उंच लाकडी कपाट आडवं पडलेलं दिसलं. वाळवी त्याच्याखाली होती.

ती वाचली नाही. ‘सकाळीच कळलं असतं तर,’ असं सगळे म्हणत होते. मला ते प्रत्येक वेळी ऐकावं लागत होतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई वर्गात आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिनं मला टेबलावर उघडायला लावलं, त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि वर्गबाईंना विचारलं, “ती हजर होती ना? मग दिवसभर तुम्ही तिला कुठं ठेवलं होतं?”

वर्गबाई म्हणाल्या, “मी माझ्या कानांनी तिचा आवाज ऐकलाय हो.” वर्गात एकेचाळीस मुलं होती. एकही बोललं नाही. अठ्ठावीस नंबर बाकाकडे बघत होती. वर्गबाईंनी महिन्याभरात नोकरी सोडली. सत्ताविसाव्या ओळीवर लाल रेघ आली आणि शेरा पडला, ‘नाव कमी केले’. पण त्या गुरुवारचा ‘ह’ तसाच राहिला.

वर्ष संपलं. जुने हजेरीपट ऑफिसात जमा होतात, मी मात्र वर्गातल्या कपाटात खालच्या फळीमागे घसरलो आणि तिथंच राहिलो. कुणी शोधलं नाही. मला वाटतं, शोधायचंच नव्हतं.

आता जे सांगतो ते तुम्हाला खोटं वाटेल. पुढच्या वर्षी नवा वर्ग आला, नवा हजेरीपट आला. मी अंधारात पडून ऐकत होतो. नव्या बाईंनी सत्तावीस नंबर पुकारला, वर्गातल्या मुलानं हजेरी दिली. आणि त्याच वेळी माझ्या पानांमधून, अगदी आतून, किंचित नाकातला आवाज आला, “हजर.”

माझ्या पानांना काटा आला. मला वाटलं भास झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, एकोणीस वर्षं हे रोज चाललं. सुट्ट्या सोडून. मी तिला हजर लिहिलं होतं, म्हणून रोजच्या हजेरीतून तिची सुटकाच होत नव्हती. मी कागद आहे, मला हात नाहीत. माझंच अक्षर मला खोडता येत नव्हतं आणि मला तिच्यापुढं फार फार लाज वाटायची.

मग तो बदली बाईंचा दिवस आला.

वर्गशिक्षिका आजारी पडल्या होत्या आणि चालू वर्षाचा हजेरीपट त्यांनी घरी लिहायला नेला होता, तो तिकडेच राहिला. मोठ्या बाई, म्हणजे आत्ताच्या मुख्याध्यापिका, एका बदली शिक्षिकेला घेऊन वर्गाच्या दाराशी आल्या.

“दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हणालात तुम्ही. आज दुसरं कुणी मिळेचना, म्हणून गळ घातली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “एकाच दिवसाचा प्रश्न आहे. शेवटचे दोन तास वाचनाचे. मुलांना वाचू द्या, तुम्हीही वाचा. स्वतःला घडवायचं तर वाचनासारखं दुसरं काही नाही, असं मी मुलांना रोज सांगते. जिन्याखालची खोलीसुद्धा उघडली यंदा.”

“उघडली?” बदली बाईंचा आवाज कसानुसा झाला.

“रंगरंगोटी केली, कपाटं भिंतीला ठोकून घेतली. आता काही भीती नाही. दार तेवढं अधूनमधून अडकतं.”

मोठ्या बाई गेल्या. बदली बाईंनी हजेरीपट शोधायला कपाट उघडलं आणि हात घातला तो माझ्यावरच. मी एकोणीस वर्षं फळीमागे होतो. त्या सकाळी वरच्या फळीवर, सगळ्यांच्या पुढं कसा आलो, हे मला विचारू नका. मला खरंच माहीत नाही.

त्यांनी मला उचललं आणि माझ्या पाठीवर तो गुळगुळीत अंगठा टेकला.

अठ्ठावीस नंबर! केसांत पांढरी बट आली होती, डोळ्यांवर चष्मा होता, पण अंगठा तोच. मला ओरडावंसं वाटलं. पण त्यांचं लक्ष कुठं होतं? खाकी कव्हर पाहिलं, ‘सातवी ब’ वाचलं, वर्ष पाहायचं सुचलंच नाही. तुम्हाला हसू येईल, पण हजेरी नंबरानं घेणाऱ्या शाळेत ही चूक लक्षात येणार तरी कशी? नंबर काय, दरवर्षी तेच असतात. त्यांनी माझं शेवटचं कोरं पान काढलं, तारीख घातली आणि सुरुवात केली.

“एक.”

“हजर बाई.”

“दोन.”

“हजर.”

त्या प्रत्येक नंबराला मान वर करून पाहत होत्या. पण नव्या बाईंना चेहरे थोडेच ओळखीचे? पोरांना बदली बाई म्हणजे पर्वणीच. मागं खुसखुस चालली होती. तिसऱ्या बाकावर आखूड केसांची एक मुलगी बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं नुसतं दप्तर होतं. वीस गेला, पंचवीस गेला, तशी तिनं तळहात तोंडाशी नेला. मला हे सोंग पाठ होतं. माझ्या कव्हराखाली थंड पडत गेलं.

“सव्वीस.”

“हजर.” हा तिचा स्वतःचा.

“सत्तावीस.”

तिनं आवाज बदलायला घसा दाबला, श्वास घेतला. तेवढ्यात माझ्यातून, उघड्या पानावरून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा किंचित नाकातला आवाज आला.

“गैरहजर.”

मित्रांनो, तुम्हीच सांगा, आपल्या नंबराला ‘गैरहजर’ असं कुणी स्वतः म्हणतं का?

खुसखुस बंद झाली. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कुणाचेच ओठ हलले नव्हते. आखूड केसांच्या मुलीचं तोंड उघडंच राहिलं. बदली बाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं. त्यांनी ते उचललं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सावकाश माझं कव्हर मिटलं आणि पहिल्यांदा त्यावरचं वर्ष वाचलं.

“सत्तावीस नंबर कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“पाणी प्यायला गेलीय बाई,” आखूड केसांची मुलगी म्हणाली.

“खरं सांग.”

“इथंच होती आत्ता...”

“बाळा, खरं सांग गं. मी रागावणार नाही.”

मुलीचा चेहरा रडवेला झाला. “वाचायच्या खोलीत आहे. घंटेच्या आधीच जाते ती रोज. मोठ्या बाईंना सांगू नका ना, बाई, ती नुसती वाचतेच हो...”

बदली बाई धावत सुटल्या होत्या. मी त्यांच्या काखेत होतो. मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, तिला दमा आहे! तिचा पंप दप्तरातच राहिलाय!” लगेच दप्तर उपसल्याचा आवाज आला आणि आखूड केसांची मुलगी पंप घेऊन आमच्या मागं पळत आली.

दार बंद होतं. बाईंनी ढकललं, हलेना. एकोणीस वर्षांपूर्वी याच दाराला तोंड लावून त्यांनी हळूच हाक मारली होती. आज त्या अशा काही ओरडल्या, की वरच्या मजल्यावरचे वर्ग बाहेर आले. “मामा! शिपाईमामा! दार तोडा!”

तेच शिपाईमामा, आता पिकलेले, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. ते आले, त्यांनी दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता खांदा लावला. तिसऱ्या धडकेला दार उघडलं.

आत धुळीचा नुसता लोट होता. जुन्या मासिकांचा एक गठ्ठा वरून पडून फुटला होता. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर झाले होते, छाती भात्यासारखी चालत होती आणि आवाज मात्र अजिबात फुटत नव्हता. बाईंनी तिला मांडीवर घेऊन पंप तोंडाला लावला. “ओढ. हळूहळू. मी आहे इथं. आणखी एकदा.” मी जमिनीवर पडलो होतो. तिचा एकेक श्वास मी मोजला. आयुष्यात मी इतक्या मुलांची हजेरी ठेवली, पण इतका जीव मुठीत धरून कधीच नाही.

सातव्या श्वासाला तिच्या ओठांवर रंग आला.

थोड्या वेळानं तिला बोलता आलं. “बाई, ती ताई कुठं गेली?”

“कोण ताई?”

“इथं होती ना. दार अडकल्यावर मला ओरडता येईना. ती म्हणाली, बोलू नकोस, श्वास जपून घे. मी वाचते, तू नुसती ऐक.” तिनं मांडीखालचं पुस्तक दाखवलं. “छान वाचत होती. थोडं नाकात बोलते ती. मग मध्येच थांबली. म्हणाली, थांब हं, हजेरी चालू झाली. माझा नंबर आला की सांगून येते.”

शिपाईमामांनी भिंतीला हात टेकला. बदली बाईंनी मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि हमसून रडायला लागल्या. एखादी शिक्षिका पोरांसमोर रडते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टर आले, मुलीची आई आली. “अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं,” असं डॉक्टर म्हणाले. मुलगी घरी गेली. शाळा पुन्हा सुरू झाली, तशी ती होतेच.

वाचनाचे तास आले. मुलं आपापल्या वह्या काढून बसली. प्रत्येक वाचनानंतर ‘यातून मी काय शिकलो’ ते लिहायचं, अशी मोठ्या बाईंची योजना होती, आणि अडतीस वह्यांत रोज एकच वाक्य असायचं, ‘मला खूप काही शिकायला मिळाले.’ बदली बाई म्हणाल्या, “आज वह्या नकोत.” मग त्यांनी जिन्याखालचं ते पुस्तक हातात घेतलं.

“मी शिक्षिका आहे,” त्या म्हणाल्या, “पण गेली एकोणीस वर्षं मी पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पान वाचलेलं नाही. भीती वाटायची.”

आखूड केसांची मुलगी एकदम उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “बाई, मी हजर म्हणणार होते. तिच्या नावानं. मी रोज म्हणते.”

“मी म्हटलं होतं,” बदली बाई म्हणाल्या. “सातवीत असताना. याच वर्गात. माझी मैत्रीण त्याच खोलीत होती, आणि मी हजर म्हटलं, म्हणून तिला कुणी शोधलं नाही. वर्गबाईंवर आळ आला, तरी मी बोलले नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.”

मग त्यांनी मुलीच्या मांडीखाली उघडं राहिलेलं पान शोधलं आणि तिथून पुढं वाचायला लागल्या. सुरुवातीला आवाज अडखळला, चष्मा दोनदा पुसावा लागला. हळूहळू लागला. दोन तास कधी संपले, कळलं नाही. गोष्ट मला फारशी समजली नाही, मी रेघांचा प्राणी. पण माझी सगळी पानं ऐकत होती, एवढं मी सांगू शकतो.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाई वर्गात आल्या. बदली बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, माझं ते गुरुवारचं पान उघडलं आणि लाल पेन मागितलं.

“अहो, एकोणीस वर्षांपूर्वीच्या हजेरीला आता कोण विचारतंय?” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

“ती मला विचारते ना, बाई. रोज.”

मोठ्या बाईंनी पेन दिलं. बदली बाईंनी त्या ‘ह’वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘गै’. हजेरीपटात खाडाखोड केली की सही करावी लागते. त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं कारण लिहिलं, ‘हजेरी मी दिली होती.’ मोठ्या बाईंनी खाली सही केली. पेनाचं टोक फार टोचलं मला. पण काय सांगू, पायातला जुना काटा निघाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारखे हजेरीपट आता फारसे कुणी वापरत नाहीत. उद्या तुमची हजेरी एखादं यंत्र घेईल, तेही माझ्यासारखंच असेल, सांगाल ते लिहून ठेवील. म्हणून माझं एवढंच ऐका. पुस्तकात हवं तेवढं हरवा, पण कुठं आहोत ते एका माणसाला सांगून हरवा. मैत्रिणीला खाऊ द्या, वही द्या, वेळ पडली तर भांडण अंगावर घ्या. तिचा आवाज मात्र उसना घेऊ नका. आणि शेजारची जागा रिकामी दिसली, तर मोठ्यानं हाक मारा. पकडले गेलात तर गेलात.

त्या संध्याकाळी मोठ्या बाई गेल्यावर बदली बाई एकट्याच उरल्या. त्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग माझ्या पानाशी तोंड आणून अगदी हळू पुकारलं, “सत्तावीस.”

आम्ही दोघं थांबलो. बराच वेळ थांबलो. बाहेर शिपाईमामा एकेक खिडकी लावत होते, त्याचा आवाज येत होता.

कुणी ओ दिली नाही.